ओरांडाच्या पाठीवर जखम, त्यावर कापसासारखं पांढरं. काय करू?

चौथा_मजला | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार. मी घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहते. घरी दोन गोल्डफिश आहेत, दोन्ही ओरांडा जातीचे. मोठा केशरी, त्याला आम्ही गोट्या म्हणतो, आणि दुसरा लहान, पांढऱ्यावर केशरी ठिपके. टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. मागे लटकवायचा फिल्टर आहे, तळाला बारीक खडी आहे. गोट्याला मुलीने दहावीच्या सुट्टीत कुर्ल्याहून आणलं, त्याला आता साडेचार वर्षं झाली. ती पुण्याला हॉस्टेलवर असते, मासे माझ्याकडे. रोज रात्री फोनवर आधी गोट्याची चौकशी, मग माझी.

मागच्या गुरुवारी त्याच्या डाव्या बाजूला, पाठीच्या पराखाली, दोन-तीन खवले निघालेले दिसले. घासलं असेल म्हणून मी थांबले. शनिवारी तिथे तूरडाळीच्या दाण्याएवढा लाल खड्डा झाला होता आणि त्यावर पांढरे तंतू, पाणी हललं की तेही हलायचे. जवळच्या दुकानात फोटो दाखवला. दुकानदार म्हणाले फंगस आहे, आणि निळं औषध दिलं. सगळ्या टँकमध्ये टाका, दोन दिवस फिल्टर बंद ठेवा, हीटर ३२ वर लावा. मी रविवारी दुपारी सांगितलं तसं केलं, फक्त हीटर ३० वरच ठेवला. सोमवारपासून पाणी निळं आणि दुधाळ दिसतंय. आज दोन्ही मासे वर येऊन तोंडाने हवा ओढताहेत. लहान्याला तर कसलीच जखम नव्हती, तोही तसंच करतोय.

आज पुन्हा दुकानात गेले तर टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दिल्या, रोज एक फोडून पाण्यात टाका म्हणाले. अजून टाकलेली नाही. आणखी एक, सोसायटीत दहा दिवसांपासून टँकरचं पाणी मिसळतात. महापालिकेचं पाणी सकाळी तासभर येतं.

कॅप्सूल टाकू का? कुणी जागं असेल तर कृपया सांगा.

---

दोन_टाक्या | मंगळवार, रात्री १०:५८

काकू, कॅप्सूल नको. आमच्याकडे माश्याला काही लागलं की चिमूटभर हळद टाकतो आणि बदामाच्या झाडाचं वाळलेलं पान सोडतो. माझा बेट्टा मासा त्यानेच बरा झाला.

---

जुना_स्पंज | मंगळवार, रात्री ११:१०

ताई, मी ऐरोलीला असतो, बारा वर्षं गोल्डफिश पाळतोय. जखमेचं उद्या बघू. आज रात्री आधी श्वासाचं बघायला हवं. जखम एकाला आणि धापा दोघांना, म्हणजे त्रास पाण्यात आहे.

झालं असं असणार. तुमच्या फिल्टरच्या स्पंजमध्ये जिवाणू असतात. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, तो हे जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. टँक चालतो तो त्यांच्या जिवावर. तुम्हाला दिलेलं निळं औषध मिथिलीन ब्ल्यू असणार, ते त्यांनाही मारतं. त्यात फिल्टर दोन दिवस बंद, म्हणजे उरलेसुरले ऑक्सिजनविना गेले. रविवारपासून टँकमध्ये अमोनिया साचतोय आणि माशांचे कल्ले आतून भाजताहेत. वर हीटर. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा आहे, आपल्या जुलैत हीटर लागतच नाही.

आत्ता हे करा:

हीटर बंद. टँकचं झाकण काढा. एअर पंप असेल तर लावा. नसेल तर तांब्याने टँकचंच पाणी भरून फूटभर उंचीवरून परत टँकमध्ये धार सोडा, दहा-दहा मिनिटांनी, झोप येईपर्यंत. फिल्टरचा स्पंज टँकच्या पाण्याने भरलेल्या पातेल्यात दाबून धुवा (नळाखाली कधीच नाही, नळातलं क्लोरीन उरलेले जिवाणूही मारेल) आणि मगच फिल्टर चालू करा. दोन दिवस कुजलेलं घाण पाणी तसंच टँकमध्ये जाऊ देऊ नका.

आणि पाणी बदला. सकाळी भरून ठेवलेलं महापालिकेचं पाणी घरात किती आहे? निम्मा टँक बदलेल एवढं असेल तर उत्तम, नसेल तर एक तृतीयांश. टँकरचं आज नको. ते बहुधा बोअरचं असतं, आणि बोअरचं पाणी बहुतेक वेळा जड (क्षारांचं) असतं आणि पीएच जास्त. अमोनिया तेवढाच राहून पीएच ७ चा ८ झाला तर त्यातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. दुधाळ पाणी बदलायला गेलो आणि मासे तासाभरात आडवे झाले, हे माझ्या स्वतःच्या टँकमध्ये झालंय, म्हणून एवढं बजावतोय.

खायला उद्या-परवा काही देऊ नका. उपाशी मासा दोन दिवसांत मरत नाही.

दोन_टाक्या, बदामाच्या पानाने बेट्टाला नुकसान नाही, पण बाजारातल्या हळदीत काय मिसळलेलं असतं ते आपल्याला कळत नाही आणि ती भुकटी कल्ल्यांत जाऊन बसते. ज्या माश्याला आधीच श्वास घेता येत नाही त्याच्या टँकमध्ये तर नकोच.

---

चौथा_मजला | मंगळवार, रात्री ११:५०

तीन बादल्या भरलेल्या होत्या. पंचवीस लिटर बदललं. एअर पंप नाही, तांब्या चालू आहे. मिस्टर आणि मी आळीपाळीने करतोय. गोट्या मधल्या पाण्यात उतरलाय. लहाना अजून वरच.

---

चौथा_मजला | बुधवार, सकाळी ७:१५

लहाना गेला. साडेपाचला बघितलं तेव्हा तळाशी होता. दोन वर्षं होता आमच्याकडे. त्याला काहीच झालं नव्हतं हो, ठणठणीत मासा होता. मुलीला अजून सांगितलेलं नाही.

गोट्या आहे. तोंडाने हवा ओढत नाहीये, कोपऱ्यात पर आवळून उभा आहे. जखमेवरचं पांढरं वाढलंय. आता पुढे सांगा, मी सगळं करीन.

---

जुना_स्पंज | बुधवार, सकाळी ७:४०

ताई, फार वाईट वाटलं. त्याला गच्चीवरच्या किंवा बाल्कनीतल्या कुंडीत खोल पुरा. तलावात, नाल्यात सोडू नका.

माझं ऑफिस वागळे इस्टेटला आहे. माझ्या घरच्या टँकमध्ये दोन वर्षं चाललेला स्पंज आहे, माझे मासे निरोगी आहेत. तो ओला, टँकच्या पाण्यासकट पिशवीत आणतो. साडेनऊला तीन हात नाक्यावर कुणाला पाठवू शकाल का? एअर पंपही आणतो, माझ्याकडे जास्तीचा आहे. हा स्पंज बसवला की मेलेल्या जिवाणूंच्या जागी नवे यायला तीन-चार आठवडे थांबावं लागणार नाही. आणि अमोनिया तपासायचं किट घ्या, थेंबांचं. कागदी पट्टी नको.

---

खाडीकाठ | बुधवार, दुपारी १:३०

धागा आत्ता वाचला. मी रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो, आता कळव्याला असतो. वरचा सल्ला योग्य आहे, त्यात जखमेपुरतं सांगतो.

काकू, तुम्ही लिहिलंय की पांढरे तंतू आहेत आणि पाण्यात हलतात. ही तुमची नोंद फार उपयोगाची आहे. तशी वाढ बहुधा सॅप्रोलेग्नियाची असते. तिला सगळे फंगस म्हणतात, तीही मेलेल्या मांसावरच आधी बसते. म्हणजे ती जखमेची पाहुणी आहे, जखम तिने केलेली नाही. खालचा लाल खड्डा जिवाणूंचा. गोल्डफिशच्या अशा व्रणांत एरोमोनास जातीचे जिवाणू नेहमी सापडतात. ते पाण्यात एरवीही असतातच, खवला निघाला आणि पाणी बिघडलं की आत शिरतात.

दुसरी शक्यता कॉलम्नारिसची, आणि तिथे चूक महाग पडते. तोही पांढरा दिसतो, पण चपटा, राखाडी-पिवळसर, बुळबुळीत, कडेला लालसर. बऱ्याचदा तोंडावर किंवा पाठीवर खोगीर टाकल्यासारखा असतो. तो जिवाणू आहे, उष्णतेने झपाट्याने वाढतो आणि दोन-तीन दिवसांत मासा नेतो. पांढरं दिसलं की हीटर वाढवा हा सल्ला मिठाच्या कणांसारखे ठिपके येतात त्या रोगासाठी आहे, तिथे तो बरोबर आहे. जखमेवरच्या पांढऱ्याला तो लावायचा नाही. तुम्ही ३० वरच थांबलात ते बरं केलंत.

आता टेट्रासायक्लिन. हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटतं. तुमच्या टँकरच्या जड पाण्यात ते निकामी होईल, पाणी तपकिरी करील, आणि मित्रांनी दिलेल्या नव्या स्पंजमधल्या जिवाणूंनाही धोका. उरलेल्या थोड्याशा मात्रेत एरोमोनास मरत नाहीत, मात्र औषधाला सरावतात. चिठ्ठीशिवाय द्यायचं हे औषधच नाही. प्रतिजैविक लागलंच तर ते पशुवैद्य खाद्यातून किंवा इंजेक्शनने देतात, पाण्यातून फार थोडं माश्याच्या अंगात जातं.

गोट्यासाठी वेगळा टब करा. धुण्याचा मोठा टब चालेल, पण साबण न लागलेला, नवाच घ्या. ४० लिटर पाणी, रात्रभर उघडं ठेवलेलं महापालिकेचं, आणि एअर पंप. वरून जाळी बांधा, गोल्डफिशही उडी मारतो. मीठ जाडं, साधं. आयोडीनने मासा मरत नाही, पण बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे घातलेलं असतं ते टाळू. सैंधव नको, काळं मीठ नको. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा: आज ४० ग्रॅम, बारा तासांनी ४०, आणखी बारा तासांनी ४०. मगात विरघळवून ओता, खडे माश्याच्या अंगावर पडू देऊ नका. लिटरला ३ ग्रॅम झाले की थांबा. रोज निम्मं पाणी बदला आणि नव्या २० लिटरमध्ये ६० ग्रॅमच घाला. मीठ वाफेने उडत नाही, पाणी नुसतं आटलं असेल तर बिनमिठाच्याच पाण्याची भर घाला.

मीठ का, तर गोड्या पाण्यातल्या माश्याचं रक्त पाण्यापेक्षा खारट असतं. कातडी शाबूत असेल तर तो निभावतो. जखमेतून पाणी सतत आत घुसतं, ते मूत्रपिंडांना उपसत बसावं लागतं, आणि अंगातलं मीठ बाहेर जातं. बाहेर थोडं मीठ असलं की तो उपसा कमी होतो. शिवाय मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत येऊ देत नाही.

जखमेवर पोव्हिडोन आयोडीनचं साधं द्रावण लावा. मलम नको, आणि ज्याच्यावर स्क्रब लिहिलंय ते मुळीच नको, त्यात फेसाचा पदार्थ असतो. निम्मं पाणी मिसळा. जाळीने पकडू नका, जाळीत आणखी खवले निघतात. वाडगा पाण्यात बुडवून त्यात त्याला घ्या, टँकच्या पाण्यात भिजवलेल्या सुती रुमालावर आडवं धरा, डोळे आणि कल्ले त्याच रुमालाच्या टोकाने झाका. शेपटीची बाजू किंचित खाली, म्हणजे ओघळ कल्ल्यांकडे जाणार नाही. कापसाच्या काडीने पांढरं हलकेच टिपा, निघेल तेवढंच, ओढू नका. दुसऱ्या काडीने आयोडीन, दहा सेकंद. वाडग्यातलं पाणी वरून ओता आणि सोडा. सगळं मिळून पाऊण मिनिट. दिवसाआड, चार वेळा. त्याहून जास्त केलं तर नवी येणारी कातडीच भाजते.

खवले अननसासारखे उभे राहिले, पोट फुगलं किंवा खड्डा खोल होत गेला, तर घरचा उपाय थांबवा आणि पशुवैद्याला दाखवा. माश्याबरोबर टँकच्या पाण्याची बाटलीही न्या.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या हातावर काही कापलेलं आहे का, आणि पाणी काढताना पाइप तोंडाने ओढता का?

---

चौथा_मजला | बुधवार, रात्री ९:२०

तीन हात नाक्यावरून स्पंज आणि पंप मिळाला. दादा, तुम्ही चहाला थांबला नाहीत, मिस्टर सांगत होते. दोन्ही चालू आहे.

किट आणलं. पिवळं यायला हवं होतं, हिरवं आलं, तक्त्यावर १ पीपीएम. पंचवीस लिटर बदलल्यावरही १. मग काल रात्री किती असेल!

टब केला, चाळीस ग्रॅम मीठ घातलं. आयोडीन मिस्टरांनी लावलं, मी रुमाल धरला. माझे हात कापत होते. गोट्याने फक्त एकदा शेपूट आपटली.

हो, विळीने बोट कापलंय, परवाच. आणि मला मधुमेह आहे. पाइप तोंडानेच ओढते, कायम.

---

खाडीकाठ | बुधवार, रात्री ९:४५

मग काकू, ऐका. आजपासून हातमोजे, लांब बाह्यांचे. टँकच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मॅरिनम नावाचा जिवाणू असू शकतो. क्षयाच्या जिवाणूच्या कुळातला आहे. हाताच्या जखमेतून शिरतो, दोन-चार आठवड्यांनी बोटावर गाठ किंवा न भरणारा फोड येतो, आणि गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात. असं काही दिसलं तर डॉक्टरांना घरी फिशटँक आहे हे आपण होऊन सांगा, एरवी त्यांच्या डोक्यात ते येणार नाही. पाइप तोंडाने ओढायचा नाही. पूर्ण पाइप पाण्यात बुडवून भरा, एक टोक अंगठ्याने दाबा, बाहेर खाली नेऊन सोडा, धार आपोआप लागते.

टबातलं खारट पाणी झाडांना घालू नका. निळं तर नाहीच.

---

जुना_स्पंज | गुरुवार, सकाळी ८:०५

चहा राहिला, पुढच्या वेळी नक्की.

जखम कशाने झाली तेही शोधायला हवं, नाहीतर बरा होऊन परत तिथेच जाऊन घासेल. जुना नायलॉनचा पायमोजा हातावर चढवा आणि टँकमधली प्रत्येक वस्तू त्याने कुरवाळा. जिथे धागा अडकेल तिथे खवला अडकतो.

---

चौथा_मजला | रविवार, संध्याकाळी ६:३०

मोजा किल्ल्याच्या कमानीत अडकला. दहावीच्या त्याच सुट्टीत घेतलेला छोटा किल्ला आहे, गोट्या तेव्हा त्यातून आरपार जायचा. आता तो माझ्या मुठीएवढा झालाय आणि कमान तेवढीच. आतल्या बाजूचा रंग उडून कड सुरीसारखी झाली होती. मी रोज काच पुसत होते, पण तिथे आत कधी हात घातला नव्हता.

अमोनिया मुख्य टँकमध्ये शुक्रवारी अर्धा, आज पिवळं. टबात रोज निम्मं पाणी बदलतेय. सकाळी नळ आला की आधी गोट्याच्या बादल्या, मग पिण्याचं. पांढरं गेलं. खड्डा आहे, पण लाल कड फिकी झाली. आज उकडून सोललेला अर्धा मटार दिला, खाल्ला.

मुलीला शुक्रवारी सांगितलं. फार रडली. मग म्हणाली, गोट्याचा फोटो रोज पाठव.

---

चौथा_मजला | पुढचा शुक्रवार, रात्री १०:१०

कुणी आहे का? फोटो टाकलाय. जखमेच्या कडेला काळं पडलंय. काल बारीक रेघ होती, आज सगळ्या बाजूंनी गोल काळं झालंय, आणि शेपटीच्या टोकालाही काळे ठिपके आहेत. आयोडीन मंगळवारीच थांबवलं. खातोय, फिरतोय. पण हे काळं सडल्यासारखं दिसतंय. पशुवैद्याकडे नेऊ का? मुलगी उद्या पहाटेच्या गाडीने निघते म्हणतेय.

---

खाडीकाठ | शुक्रवार, रात्री १०:२५

फोटो मोठा करून बघितला. हे सडणं नाही. गोल्डफिशची जखम किंवा अमोनियाने भाजलेली कातडी भरून येताना काळ्या रंगाच्या पेशी तिथे जमा होतात. शेपटीचे ठिपकेही त्या दोन दिवसांचेच, तेव्हा भाजलं होतं ते आता भरतंय. कड सपाट आहे, सूज नाही, मधला भाग गुलाबी आहे आणि त्यावर पातळ पापुद्रा दिसतो. तो नव्या कातडीचा आहे.

काळं काही आठवड्यांत बहुधा फिकं होईल. खवले सावकाश येतील, कदाचित थोडे वाकडे. बुधवारपर्यंत मीठ ठेवा, दोन आठवडे होतील. मग रोजच्या पाण्यात मीठ घालणं बंद करा, चार-पाच दिवसांत ते आपोआप उतरेल. त्यानंतर मुख्य टँकमध्ये सोडा. त्या टँकमध्ये तो एकटाच राहू दे, दोन फुटांत दोन मोठे ओरांडा मावत नाहीत.

---

जुना_स्पंज | शुक्रवार, रात्री १०:३२

माझ्या ओरांडाच्या गालावर असंच काळं आलं होतं. दीड महिन्यात गेलं.

---

चौथा_मजला | शुक्रवार, रात्री १०:५०

मुलीला फोन केला. तरी ती येतेच आहे. किल्ला टाकू नकोस, तिला हवाय म्हणाली. धुऊन बाल्कनीत, लहान्याच्या कुंडीत ठेवलाय.

जड पाण्याबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं. टँकर सोम, बुध, शुक्र येतो. आता त्या तीन दिवसांसाठी नळाचं पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवते. अजून कुणी घोडबंदरला गोल्डफिश पाळत असेल तर टँकरच्या दिवशी पीएच तपासून इथे लिहाल का? माझ्या किटवर नळाचं ७.२ आलं, आज टँकर मिसळलेलं ८.२.